मुका कॅमेरा

"काका, हा डोळे मिटून घ्या," असं म्हणत ललितशेठने नवा कॅमेरा दुकानाच्या काउंटरवर ठेवला.

शांताराम दचकला. मग ही नुसती बोलायची रीत आहे हे ध्यानात आलं आणि तो हसला.

"नको. तो जुना दाखव. आमचा होता तसलाच."

होता तो दर्याने नेला. जिवल्या कोळ्याच्या नव्या बोटीची पूजा चालली होती. फोटो काढता काढता शांताराम मागे सरकला आणि कॅमेऱ्यासकट कंबरभर पाण्यात बसला. सगळं सातपाटी गाव हसलं. तोही हसला. मागे पाणी आहे हे दिसलं नाही, असं सांगण्यापेक्षा हसणं सोपं होतं.

काचबिंदू, असं पालघरच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं. गेलेली नजर परत येत नाही म्हणे. घरी येऊन शांतारामने जाहीर केलं, चष्म्याचा नंबर वाढलाय. आता जग बांबूच्या नळीतून दिसावं तेवढंच उरलं होतं, आणि नळीच्या टोकालाही धुकं.

गावात कुणाच्याही घरात शिरा, भिंतीवर त्याचेच फोटो. लग्नाचे, बारशाचे, हार घातलेले. आंधळा फोटोग्राफर ही बातमी मच्छीबाजारात पोचली, तर बायका टोपल्या उतरवायच्या आधी हसून घेतील. हसण्याचं त्याला काही नव्हतं. हसून झाल्यावर त्या "अरेरे, बिचारा" म्हणतील, त्याची धास्ती होती.

म्हणून त्याने एक युक्ती काढली होती. नवरीला समोर उभी करायची आणि ओरडायचं, "वहिनी, नाव घ्या!" ती लाजत उखाणा घेई, हा आवाजाच्या रोखाने कॅमेरा धरी आणि बटण दाबी. लोक म्हणत, काय रसिक माणूस! नवल म्हणजे फोटो पूर्वीपेक्षा चांगले येतात असं जो तो सांगे. शांताराम मान डोलवी आणि आतल्या आत शरमे.

"दोन्ही डिजिटलच आहेत," ललितशेठ म्हणाला. "पण तो म्हातारा, हा जवान. माणूस समोर आला की हा आपणहून त्याचे डोळे शोधतो."

"आणि काढणाऱ्याचे?"

हेमांगी हसली. ही त्याची लेक. मेमरी कार्ड घेऊन ललितशेठकडे छपाईला येणं, अल्बम लावणं, सगळं तिच्याकडे. मंडपात बापाच्या उजव्या कोपराला चिकटून उभी असायची, गळ्यात स्वतःचा छोटा कॅमेरा. शिकतेय म्हणायची. शिकून काय काढते ते मात्र कधी बोलली नाही. पोर गुणाची, पण जीन्सवर पैंजण घालायची. मध्येच कधीतरी हे खूळ शिरलं. आईने नावं ठेवली, शांताराम गप्प राहिला. त्या छुमछुमच्या मागोमाग चाललं की रस्ता बिनबोभाट सापडे.

"आता ऐका," ललितशेठ म्हणाला.

शांतारामने कान दिला. पंखा फिरत होता, बाहेर बोईसरच्या रिक्षा भांडत होत्या. "काढ की."

"चार काढले! एकदम मुका आहे. लावायचाच तर बारीक आवाज लावता येतो, डासासारखा."

"आणि चाकं? बटणं?"

"ती गेली. सगळं पडद्यावर, बोटाने. हे बघा, इथे काय लिहिलंय? वाचा."

शांतारामने पडदा नळीत धरून पाहिला; नुसता धुकट उजेड.

"वाचा ना, काका."

पैंजण अगदी शेजारी वाजलं. लेक बघत असणार.

"वाचायचंच होतं तर मी मास्तर झालो असतो," तो म्हणाला. "जुना दे."

जुना हातात आला. अंगठा आपला आपण चाकावर गेला, खाचा मोजून थांबला. खट्! घरी आल्यासारखं वाटलं. पण लाज जाईना. डोळे शोधून देणारं यंत्र समोर आयतं मांडलं होतं, आणि चार अक्षरं वाचता येत नाहीत हे लेकीला कळू नये म्हणून तो ते दूर लोटत होता.

"मर्जी तुमची," ललितशेठ म्हणाला. "फोटो झकास असतात तुमचे. फक्त एक विचारू? फोटोतले सगळे जरा बाजूला का बघतात? कॅमेऱ्यात कुणीच बघत नाही."

हे शांतारामला आजच कळत होतं.

"ती आपली ष्टाईल हाय," तो म्हणाला.

"बाबा, बाहेर पायरीवर बसा वाऱ्याला," हेमांगी म्हणाली. "मी बिल घेऊन येते."

तो चाचपत पायरीवर बसला. कॅमेरा मांडीवर घेतला आणि रिक्षांच्या गोंगाटाकडे उगाच एक खट् केलं. सुटलो! कुणाला काही कळलं नाही. या वर्षाची लग्नं निघतील, पुढचं पुढे.

मागे दार अर्धं उघडं होतं.

"म्हातारा हट्टी," ललितशेठ आत म्हणत होता. "पण तू तर शिकलेली पोर. बोल त्यांच्याशी, बदलून देतो."

"हळू बोला शेठ, बाबांचे कान तिखट हायत." पैंजण आत सरकलं. "लोक बाबांकडं बघत ऱ्हातात, बाबांचा खट् वाजला की बाजूनं मी माझा दाबते, छापायला तोच देते. हा मुका घरी नेला, तर फोटो कधी काढायचा ते मला कळंल कसं?"