गोळीचं पीठ

“ही गोळी घेणार तू? लाज वाटू दे जरा!” डेल्मरने रॉयसच्या हातातला डबा हिसकावून परत फळीवर ठेवला. “सगळीकडून तांब्याने मढवलेली. जनावराच्या आरपार जाते, दगडावर आपटते आणि सूं करत भलतीकडे निघते. आणि ते जनावर बिळात शिरून तासभर तडफडतं.”

“मोठा उंदीरच तो,” रॉयस म्हणाला. त्याने हातातल्या कॉफीच्या रिकाम्या डब्यात तंबाखूची पिंक टाकली. “कसाही मेला तरी मेलाच. तू काय पाद्री बोलावून पुरतोस की काय एकेकाला?”

दुकानदार फिसकन हसला. डेल्मर हसला नाही. त्याने आपला नेहमीचा डबा काढला. बावीस कॅलिबर, चाळीस ग्रेन वजनाची गोळी, टोकाला लाल प्लास्टिक. वर तांब्याचा कागदासारखा पातळ पापुद्रा आणि आत मऊ शिसं. “ही लागली की आतल्या आत फुटते. जनावराला कळतसुद्धा नाही. नंतर शोधायला गेलास तर गोळी सापडायची नाही. पीठ होतं तिचं, नुसतं पीठ!”

डाकोटाच्या त्या कुरणांत प्रेअरी डॉग मारावेत की नाही, असा प्रश्न कुणाला पडत नसे. दोन पायांवर उभं राहून चिरकणारं ते वीतभर जनावर गवत खातं, जमिनीची चाळण करतं. त्याच्याच बिळात पाय जाऊन डेल्मरची चांगली घोडी गेल्या वर्षी गेली होती. प्रश्न होता तो कसं मारायचं याचा, आणि त्या बाबतीत डेल्मर भारीच सोवळा होता. शेजारच्या रॉयसच्या कुंपणापाशी गेलं की त्याला नाकाला रुमाल लावावा लागे. तिथे अर्धवट फाटलेली मढी उन्हात फुगून पडलेली असत आणि त्यांच्यावर माश्यांचा थर बसलेला असे. मारायचं आणि वर सडायला टाकून द्यायचं! हा माणूस जेवतो तरी कसा, असं डेल्मरला वाटे.

डेल्मरचं एकही जनावर वाया जात नसे. हातमोजे घालून तो ती बादलीत गोळा करी आणि लोरीनकडे पोचवी. लोरीन ही त्याची थोरली बहीण. शाळेतून निवृत्त झाल्यापासून तिला रागवायला कुणी उरलं नव्हतं. मे महिन्यात तिला रस्त्याकडेला पंख मोडलेली ससाण्याची मादी सापडली. जनावरांच्या डॉक्टरांनी पंख बांधून दिला, सरकारी परवानगी आली, लोरीनने तिचं नाव टिली ठेवलं आणि ती लोरीनच्या कोठारातल्या मोठ्या पिंजऱ्यात राहायला लागली. सप्टेंबरात तिला मोकळं सोडायचं ठरलं होतं. लोरीनने भिंतीवरच्या कॅलेंडरात त्या तारखेभोवती लाल गोल काढून ठेवला होता.

पहिल्याच दिवशी लोरीनने बादलीत डोकावून विचारलं होतं, “यात गोळी राहिली नाहीये ना रे? शिसं पोटात जाता कामा नये, असं डॉक्टर म्हणालेत.”

“राहायला ती उरते कुठे?” डेल्मर म्हणाला. त्याने एक जनावर तिच्यासमोर चिरून दाखवलं. गोळी नव्हतीच. “बघ. रॉयसची असती तर गोष्ट वेगळी.”

त्यानंतर लोरीनने पुन्हा विचारलं नाही.

ऑगस्टच्या शेवटी टिलीची मान लुळी पडायला लागली. पंख गळून जमिनीला टेकले. तिची विष्ठा हिरवीगार झाली आणि कोठारात आंबूस घाण सुटली. लोरीन दिवसभर तिच्यापाशी बसून राही. डेल्मरचा जीव तुटायला लागला. तो दिवसाला एकाऐवजी दोन जनावरं आणू लागला, तीही ताजी, मांसल. “खाल्लं की अंगात ताकद येईल,” असं म्हणत तो स्वतः बोटाएवढे तुकडे करून तिच्या चोचीशी धरी. टिलीही बिचारी त्याच्या हातून खाई.

चौथ्या दिवशी तिला टॉवेलात गुंडाळून दोघं तालुक्याच्या जनावरांच्या दवाखान्यात घेऊन गेली. डॉक्टर हेनलीने टिलीचा एक्स-रे काढला आणि पडद्यावर लावला.

“शिसं आहे हे,” ती हळूच म्हणाली. “पोटभर. मी औषध देते, पण फार उशीर झालाय. आशा ठेवू नका.”

“रॉयस!” डेल्मरची मूठ टेबलावर आदळली. “त्याच्याकडची ती सडकी मढी—”

“टिली पिंजऱ्याबाहेर पडलीच कधी, डेल्मर?” लोरीन म्हणाली.

“मग हिला खायला कोण आणतं?” डॉक्टरने विचारलं.

डेल्मरने पडद्याकडे नीट पाहिलं. गोळी कुठेच नव्हती. गोळीचा तुकडाही नव्हता. टिलीच्या पोटात, वरपासून खालपर्यंत, चिमूट चिमूट भुरभुरवल्यासारखे बारीक पांढरे कण होते. रॉयसच्या कुंपणापाशी यायची तीच घाण त्याच्या नाकात शिरली. या वेळी रुमाल लावून भागणार नव्हतं. आपल्या बोटांचा, आपल्या तोंडचा, आपल्याच शहाणपणाचा त्याला वास आला. त्याने बोटं पँटला पुसली.

लोरीनने त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

“आमच्याकडचं नसणार हो हे, डॉक्टर,” ती ठामपणे म्हणाली. “माझा भाऊ गोळी फार पारखून घेतो. लागली की तिचं नुसतं पीठ होतं.”