खरवस जमेपर्यंत

प्रितमचा दुसरा दात पडला तेव्हा जनीने शेण भरायचं थांबवलं. पहिल्याच्या वेळी तिला वाटलं होतं, घरगुती बाब असेल.

दोघे गाडीतून उतरले होते, तिसऱ्याला उतरवलं होतं. उदयसिंह खारघरला जिम चालवायचा. बाळू त्याचा शिष्य, वजन एकशे दहा किलो. आणि प्रितम पनवेलला ताकदीच्या पावडरी विकायचा. नेऱ्यात रस्त्यालगतचा पहिला गोठा जनीचा, म्हणून न्याय तिथे व्हायचा होता.

उदयसिंहाच्या हातात डबा होता. 'शुद्ध चिकाची पावडर. नेरे परिसरातील म्हशींच्या पहिल्या दिवसाच्या चिकापासून.' खाली फायदे छापले होते. प्रतिकारशक्ती, स्नायू, आतडी, सांधे, चेहऱ्यावरचं तेज. काय बरं होत नाही ते लिहायला डब्यावर जागा उरली नव्हती.

उदयसिंहाने ही पावडर तीन वर्षं घेतली, रोज तीन चमचे. परवाच्या शरीरसौष्ठव स्पर्धेत अंगाला तेल चोपडून, श्वास रोखून तो पोज देत उभा राहिला आणि त्याला एकापाठोपाठ एक चार शिंका आल्या. किताब उरणच्या एका कोळ्याच्या पोराने नेला. तो सुकट-भात खायचा.

"बाई, याला चीक तू विकतेस?"

जनीने प्रितमकडे पाहिलं. परीक्षेच्या दिवशी मारुतीकडे बघतात तसा तो तिच्याकडे बघत होता.

"आमी चीक इकत नाय. रेडकाचं पोट भरलं की शेजारीपाजारी देतो."

"दुसऱ्या गोठ्यातून येतो, भाऊ!" प्रितम ओरडला.

उदयसिंहाने त्याच्या पोटात गुडघा घातला. मग पुन्हा. मग पुन्हा. बाळूने सवयीने मोजलं, "एक, दोन, तीन." आठव्याला प्रितम शेणात बसला.

"आत काय असतं ते मलापण नाय माहीत," तो म्हणाला. "पोतं बाहेरून येतं. मी फक्त लेबल लावतो. आईशप्पथ."

कोपऱ्यात हाताने फिरवायची कडबाकुट्टी होती. पेंढा बारीक करायची. पात्यांना कालच धार लावलेली. उदयसिंहाची नजर तिच्यावर गेली.

"कुठल्या हाताने लेबल लावतोस?"

प्रितमने दोन्ही हात पाठीमागे लपवले. बाळूनेच उजवा निवडला आणि कोपरापर्यंत कुट्टीच्या तोंडात घातला. दुसऱ्या हाताने चाकाची मूठ धरली.

गोठ्यात म्हैस उभी होती. पहाटेच व्यायली होती. शेजारी रेडकू उभं राहायचं शिकत होतं आणि पडत होतं. म्हैस पेंढ्याची प्रत्येक मूठ आधी हुंगायची, मगच तोंडात घ्यायची. जनीने म्हशीकडे पाहिलं. मग कुट्टीकडे.

"थांबा," ती म्हणाली. "चीक खरा का खोटा ते बगायला हात कशाला कापाय पायजे? वाफवायचा. खरा असंल त खरवस जमंल. खोटा असंल त पानी. मंग कापा."

उदयसिंहाला हे पटलं. "लॅब टेस्ट," तो बाळूला म्हणाला.

जनीने चिमूटभर पावडर जिभेवर ठेवली. दहा चमचे पातेल्यात घातले, गूळ चुरला, वर दुधाच्या कासंडीतून धार सोडली. घट्ट, पिवळसर.

"दूध पिवळं कसं?" उदयसिंहाने विचारलं.

"म्हशीचं हाय. पिशवीतलं बगून बगून डोलं गेलं तुमचं."

उदयसिंहाने मान डोलावली. त्याच्या समजुतीप्रमाणे तीन वर्षांत दोन मण चीक त्याच्या पोटात गेला होता.

वाफवायला वीस मिनिटं लागली. तेवढा वेळ प्रितमचा हात कुट्टीत आणि बाळूचा मुठीवर. एकदा बाळूला खाज आली आणि चाक बोटभर हललं. प्रितम असा किंचाळला की रेडकू एका दमात उभं राहिलं.

जनीने भांडं थाळीत उपडं केलं. खरवस थरथरला, पण मोडला नाही. सुरीने कापला तसा स्वच्छ कापला गेला.

उदयसिंहाने एक वडी खाल्ली. मग दुसरी. पाचवीला त्याचे डोळे भरून आले. त्याने स्वतः प्रितमचा हात बाहेर काढला, जमिनीवरचे दोन्ही दात शोधले, पुसले आणि त्याच्या खिशात घातले.

"सॉरी, भाऊ. शिंका तेलामुळे आल्या असणार." जाता जाता त्याने दहा डब्यांची ऑर्डर दिली.

गाडी दिसेनाशी झाल्यावर प्रितम रक्ताळलेल्या तोंडाने हसायला लागला. "मावशी! म्हणजे माझी पावडर खरी निघाली!"

"मैदा हाय नुसता," जनी म्हणाली. ती पदर ओला करून कुट्टीचं तोंड पुसत होती. "कासंडीत चीक हुता. माज्या म्हशीचा. रेडकू पिऊन उरलेला."

प्रितमने तिचे पाय धरले. "माझ्यासाठी केलंत, मावशी? ओळख ना पाळख! तुम्ही देवमाणूस."

जनीने पाय सोडवून घेतले. मूठभर पेंढा कुट्टीत घातला, चाक फिरवलं. पडलेला चुरा आधी स्वतः हुंगला आणि म्हशीपुढे टाकला. म्हशीने बराच वेळ हुंगलं. मग खाल्लं. तेव्हा कुठे जनीने श्वास सोडला.

"तुजा हात गेला असता त गेला असता," ती म्हणाली. "पन रगताचा वास लागला की ती त्या कुट्टीचा पेंढा आठ दिस तोंडात धरीत नाय. बालंतीन हाय ती."