खालची रेघ

“शुक्रवारी समारोपाचा अहवाल दे. विषय मिटवून टाकू,” सर म्हणाले. आवाज जराही चढला नव्हता, म्हणूनच तिला ते जास्त लागलं.

“याच माशांपुढे सव्वीस वर्षांपूर्वी मीही हात टेकले होते. तू तरी उमेदीची वर्षं घालवू नकोस.”

तिची चार वर्षं दोन माशांत गेली होती. दोन्ही एकाच तळ्यातले, एकमेकांचे भाऊबंद. एकाचा जबडा नाजूक. तो दगडावरचं शेवाळ खरवडून खातो. दुसऱ्याचा इतका रुंद की गोगलगाय शंखासकट चिरडतो. जबडा घडवणारं जनुक मात्र दोघांत अक्षरन्‌अक्षर सारखं. मग हा नवा जबडा आला कुठून? प्रश्न एवढाच, पण उत्तर नाही तर पदवी नाही. दरम्यान धाकट्या भावाचं लग्न झालं, त्याला मुलगीही झाली. आत्या दर फोनला विचारायची, “काय गं, तुझा मासा अजून गळाला लागला नाही का?”

ती खालमानेने प्रयोगशाळेत आली. अहवालाला जोडायला फोटोंची यादी हवी होती. ती मिळणार मामांच्या वहीत. मामा तिथले तंत्रज्ञ, लहानथोर सगळ्यांचेच मामा, पुढच्या महिन्यात निवृत्त होणारे. प्रत्येक प्रयोगाचा फोटो छापून वहीत चिकटवायचा हा जुना नियम एकटे तेच पाळत. त्यावरून त्यांची भरपूर चेष्टा व्हायची.

पेशी जनुकाची नक्कल उतरवून घेते. ती नक्कल फोटोत त्या त्या माशाच्या रकान्यात उजळ रेघ होऊन दिसते; नक्कल जितकी आखूड, तितकी रेघ खाली. फोटोच्या तळाशी रसायनांचा गाळही उमटतो, म्हणून खालचा भाग संगणकावरच कापायचा. सरांनी पहिल्याच दिवशी शिकवलं होतं, कामाचं तेवढं ठेव. ती गुणी विद्यार्थिनी होती.

मामांच्या वहीतले फोटो मात्र अख्खे होते. वरची उजळ रेघ तिच्या ओळखीची होती. खाली आणखी एक होती, फिकट.

“मामा, हा कचरा कशाला छापता?”

मामांनी हात पुसले. “ही रेघ फक्त रुंद जबडेवाल्याच्या रकान्यात येते, ताई. दर वेळी, त्याच जागी. कचरा कधी इतका शिस्तीत वागतो का?”

तिने वही पहिल्या पानापासून चाळली. एकूण एक्केचाळीस फोटो होते. नाजूक जबड्याच्या रकान्यात ती रेघ एकदाही नव्हती. खालची रेघ म्हणजे आखूड नक्कल. प्रत्येक फोटोतून ती तिने स्वतःच्या हाताने छाटली होती.

पुढचे तीन दिवस तिने त्या फिकट रेघेतलं अक्षरन्‌अक्षर वाचून काढलं. शुक्रवारी सरांच्या टेबलावर अहवालाऐवजी मामांची वही ठेवली.

“सर, जनुक तेच आहे. पण त्याची नक्कल जुळवताना हा मासा मधला एक तुकडा वगळतो आणि उरलेलं जोडून टाकतो. नवा जबडा त्या जोडणीतून आलाय असं वाटतंय. अजून तपासायला हवं. मला वेळ द्या.”

सरांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. मग एकेक पान उलटत राहिले. ती उभीच होती.

“अहवाल राहू दे,” ते शेवटी म्हणाले. “कामाला लाग.”

आता आत्याला काय सांगायचं ते मनाशी जुळवत ती दाराकडे वळली, तर सर उठून कपाटाच्या तळाशी काहीतरी शोधत होते. त्यांनी एक जुनी वही बाहेर काढली. त्यात तेच दोन मासे होते, तेच जनुक होतं. फोटो नीटनेटके चिकटवलेले आणि प्रत्येकाच्या खालच्या भागावर पांढऱ्या कागदाची चिठ्ठी. सरांनी पहिल्या चिठ्ठीखाली नख घातलं. डिंक वाळून गेला होता. चिठ्ठी अलगद सुटली.

फिकट रेघ तिथेच होती, रुंद जबड्याच्या रकान्यात.

चिठ्ठी सरांच्या अंगठ्याला चिकटून राहिली. तिच्यावर त्यांच्याच सुबक अक्षरात लिहिलेलं होतं, ‘दोघांत फरक नाही.’