परीक्षेच्या दिवशी शेवाळाचं सूप

परीक्षेच्या सकाळी माल्सुनबाईंनी समुद्रशेवाळाच्या सूपचं वाडगं तोंडाला लावलं, तशी सून धावत आली. “आई, आज हे? बुळबुळीत खाल्लं की पाठ केलेलं सगळं घसरून जातं. आमच्या वेळी तर आठवडाभर घरात शिजवत नसत.” चौऱ्याहत्तर वर्षांच्या माल्सुनबाई आज कॉलेजच्या प्रवेशपरीक्षेला बसणार होत्या. दोन वर्षं त्यांनी इंग्रजीतले अवघड शब्द चिठ्ठ्यांवर लिहून शेवाळ वाळवायच्या दोऱ्यांना चिमट्यांनी अडकवले होते. शेवाळ उलटता उलटता शब्द घोकायच्या. “म्हातारी आता माशांशी इंग्रजीत बोलणार,” म्हणून अख्खं वांदो बेट हसलं होतं. “तुझा नवरा आणि दोन्ही नणंदा हेच शेवाळ विकून आलेल्या पैशावर कॉलेज शिकले,” त्या म्हणाल्या. “त्यांचं काही घसरलं नाही, ते माझंच बरं घसरेल.” त्यांनी वाडगं चाटूनपुसून साफ केलं आणि सुनेसमोर धरलं. “दुपारच्या डब्यातही हेच भर.”