विहिरीतला शंख

"आज अमरनं तुह्यासाठी बी प्रार्थना केली," तव्यावरची भाकरी उलटत मोतीबाई सहज म्हणाली.

तिच्या लेकाचा, हरीओमचा, घास तोंडातच राहिला. "मले नको त्याची प्रार्थना."

"बरं," ती म्हणाली.

सगळं गाव अमरदीपला पास्टर म्हणत असे. मोतीबाई एकटीच अमर म्हणे, आणि तेही पोटच्या पोरासारखं. सहा महिन्यांपासून दर रविवारी ती त्याच्या अंगणातल्या प्रार्थनेला जात होती. तिथली रीत अशी, की ज्यानं त्यानं आपलं मागणं मोठ्यानं सांगायचं आणि मग सगळ्यांनी मिळून प्रार्थना करायची. घरची दिवाबत्ती तिनं सोडली नव्हती. पण रविवार अमरदीपचा झाला होता, आणि तो हरीओमला खुपत होता.

खुपणं जुनंच होतं. पहिलीपासून दहावीपर्यंत अमरदीप पहिला आणि हरीओम दुसरा. निकालाच्या दिवशी हरीओम जेवत नसे. पुढं अमरदीप नागपूरला गेला आणि बारा वर्षांनी बायबल घेऊन परत आला. मधल्या काळात तो काय शिकला, हे हरीओमनं कधी कुणाला विचारलं नाही. विचारलं असतं तर ऐकावं लागलं असतं. हरीओम आता मानोऱ्याच्या एका शाळेत विज्ञान शिकवत होता. तरी घरात कौतुक अमरचंच.

शेवटी गावातल्या सेवालालची विहीर मदतीला आली. खोल करताना तीस फुटांवर, दोन काळ्या पाषाणांच्या मधल्या पांढुरक्या थरात, शंखांनी भरलेला एक दगड निघाला. बोटाच्या पेराएवढे शंख, पार दगड झालेले. हरीओम तो घेऊन कारंज्याला दौलतराव सरांकडं गेला. सर कॉलेजात भूशास्त्र शिकवून निवृत्त झाले होते. त्यांनी एका जुन्या प्रबंधातली दोन प्रकरणं झेरॉक्स करून दिली.

"आपल्या भागातल्या जीवाश्मांवर याच्याहून चांगलं काम झालेलं नाही," सर म्हणाले. हरीओमनं पंधरा दिवसांत दोन्ही प्रकरणं पाठ केली.

मग तो आईला म्हणाला, "या रविवारी मी बी येतो. तुह्या अमरले सगळ्यांसमोर एक प्रश्न विचारतो. उत्तर नाही आलं, तर तू पुन्हा तिकडं जायचं नाही."

"आन् आलं तर?"

"तर मी पुन्हा तोंड उघडणार नाही."

"चालते," ती म्हणाली.

रविवारी प्रार्थना संपली तशी अमरदीपनं स्वतःच खुर्ची पुढं केली. "बसा मास्तर. काकीनं सांगतलं मले, तुमचा काही प्रश्न आहे म्हणून."

हरीओम बसला नाही. त्यानं दगड वर धरला. "हा सेवालालच्या विहिरीतला. यातले शंख फार जुन्या काळातल्या गोगलगायींचे आहेत. तुमच्या पुस्तकात जग सहा दिवसांत झालं. मग हे कवा झालं?"

"जलप्रलयात वाहून आले असतील," मागं बसलेल्या बायांतली हिरीबाई म्हणाली.

अमरदीपनं दगड हातात घेतला. उन्हात तिरपा केला आणि कडेला हळूच जिभेचं टोक लावलं. बाया पदराआड हसल्या.

"प्रसाद नाही तो," हरीओम म्हणाला. आता सगळेच हसले. अमरदीपही हसला.

"असा धरा मास्तर, उलटा होता," म्हणत त्यानं दगड परत दिला. "हे समुद्रातले आहेत का गोड्या पाण्यातले?"

हरीओमला हेच हवं होतं. "गोड्या पाण्यातले. म्हणजे प्रलयाचा समुद्र नाही, इथं साधं तळं होतं." पुढचं वाक्य त्याला ऐनवेळी आठवेना.

"मंग तळ्याच्या वर हा काळा पाषाण कसा आला?" अमरदीपनं विचारलं.

आपल्याच पायानं खड्ड्यात आला, हरीओमला वाटलं. तो घडाघडा बोलत सुटला. आधी लाव्हा आला, थंड झाला. त्यावर तळं साचलं. गोगलगायींच्या पिढ्या तिथं जगल्या, मेल्या, हळूहळू बदलत गेल्या. मग पुन्हा लाव्हा आला. "साडेसहा कोटी वर्षांमागची गोष्ट. सांगा, सहा दिवसांत कशी बसते?"

अमरदीपनं मोतीबाईकडं पाहिलं, मग खाली.

"याचं उत्तर माह्याजवळ नाही," तो म्हणाला. "मास्तर जिंकले."

घरी येताना हरीओमची चाल बदलली होती. आई मात्र उदास दिसेना, याचा त्याला राग येत होता.

"काय वं, वाईट नाही वाटून राह्यलं तुले? आता तिकडं जाता येत नाही."

"माहं काम झालं तिथलं," मोतीबाई म्हणाली. "सहा महिने एकच मागणं होतं. माह्या हरीले एक डाव तरी अमरच्या पुढं जाऊ दे."

हरीओम मोठ्यानं हसला. कितीतरी वर्षांनी तो असा हसला होता. "म्हणजे ऐकलं म्हणायचं देवानं."

"ऐकलंच ना."

जेवण होताच तो पेपरात द्यायचा लेख लिहायला बसला. प्रबंधाचा संदर्भ देणं आलं, म्हणून त्यानं दौलतराव सरांकडं पहिली पानं मागितली. दहा मिनिटांत मोबाईलवर दोन फोटो आले.

पहिला अर्पणपत्रिकेचा होता: 'ज्यानं हे शंख घडवले, आणि घडवायला कोट्यवधी वर्षं घेतली, त्याच्या चरणी.'

एवढा शिकलेला माणूस, आणि हाही तसलाच, हरीओमला गंमत वाटली. दुसरा फोटो उघडायला वेळ लागत होता. आधी विद्यापीठाचं नाव दिसलं, मग प्रबंधाचं, आणि सगळ्यात शेवटी संशोधकाचं.

अमरदीप.