समोरची चौकट

टक. टक. टक.

दुपारपासून जिन्यात कुणी खोकलंही नव्हतं. इब्तिसामने दाराच्या भिंगातून पाहिलं आणि दार उघडलं. समोरच्या घरातली लिरोन स्टुलावर उभी होती. तोंडात खिळा, हातात हातोडी. इब्तिसामच्या चौकटीच्या उजव्या अंगाला तिने पत्र्याची बोटभर डबी ठोकली होती. यहुद्यांच्या दाराला असते तशी.

"हे काय गं?"

"मावशी, आमच्यातलीच टोळकी चौकटी बघत येतायत. डबी नसली की अरबांचं घर." खिळा तोंडातून काढत ती म्हणाली, "काल आमचं प्रार्थनास्थळ जाळलं ना, त्याचा सूड."

रवान आईच्या खांद्यावरून डोकावली. "तिरकी बसवलीस, सुतारीणबाई."

"तिरकीच असते, गाढवे! पहिलीपासून आमच्याकडे पडीक असतेस, एवढं दिसलं नाही?"

सोळा वर्षांच्या पोरी. अशा वेळीसुद्धा हसल्या.

"आणलीस कुठून?" इब्तिसामने विचारलं.

"आमच्याच दाराची काढली. आम्हाला काय करायचीय? आम्ही आहोतच की यहुदी."

खाली काच फुटली. पावलं जिना चढू लागली. इब्तिसामने लिरोनला स्टुलासकट आत ओढलं आणि कडी घातली.

भिंगात आधी लोखंडी गज दिसला, मग चेहरे. बारा-पंधरा जण, निम्मे रवानच्याच वयाचे. पुढच्याने डबीला बोटं लावली, ती ओठांना टेकवली. "आपलेच आहेत," म्हणाला आणि वळला.

मग तो समोरच्या चौकटीवर हात फिरवू लागला. वर, खाली, पुन्हा वर.

"इथे काही नाही."

पहिली लाथ बसली.

"आजोबा," लिरोन एवढंच म्हणाली.

तिचे नईम आजोबा समोरच्या घरात एकटे होते. जन्म बगदादचा, तिथल्या यहुदी घरातला. घाबरले की त्यांच्या तोंडून अरबीच निघायची. तिसऱ्या लाथेला दार पडलं, आणि आतून त्यांचा आवाज आला, "बाबांनो, काय पाहिजे तुम्हाला?"

अरबीत.

बाहेर एकच आरोळी उठली.

लिरोन कडीवर झेपावली. "मला जाऊ द्या! मी सांगते त्यांना, माझं ऐकतील ते!" इब्तिसामने तिला मागे ओढून छातीशी आवळलं, तिच्या तोंडावर हात दाबला. दुसरा हात कडीवर. हे दार उघडलं तर त्यांना काय दिसणार होतं, ते तिला ठाऊक होतं. डोक्याला रुमाल बांधलेली ती. रवान. आतल्या खोलीत झोपलेला धाकटा यझान.

"आई, सोड तिला," रवान कुजबुजली. मग रडत, "आई, सोड ना गं!"

लिरोनचे दात तिच्या तळव्यात रुतले. तिने हात काढला नाही.

समोर गज आपटत होता. लाकडावर आपटावा तसा आवाज येत नव्हता.

"इब्तिसाम! पोरी, इब्तिसाम!"

पाच वर्षांचा यझान कधी उठून आला, कुणाला कळलं नाही. त्याने आईचा झगा ओढला.

"आई, नईम आजोबा तुला हाका मारतायत. तुला ऐकू येत नाही का?"