कडू व्हायच्या आधीचा वास

तिळांची पहिली मूठ जळली तेव्हा चारुलताला कळलंसुद्धा नाही. धूर डोळ्यांत गेला, ठसका लागला, तेव्हा कळलं. पासष्ट वर्षांची बाई, सासूच्या हाताखाली तयार झालेली, आणि सासूच्याच श्राद्धाला तीळ जाळून बसली. डब्यात आता एकच मूठ उरली होती.

घर मराठी, पण चार पिढ्या हैदराबादेत गेलेल्या. त्यामुळे सासूबाईंच्या, त्रिवेणीबाईंच्या, श्राद्धाला पानात सुरणाचा पुलुसु, म्हणजे आंबटगोड रस्सा, लागतोच. चिंचेचा कोळ, गूळ, आणि शेवटी भाजलेल्या काळ्या तिळांची पूड. पुलुसु काय हो, कोणीही करेल, मोबाईलवर शंभर बाया करून दाखवतात. खरी मेख त्या पुडीत. तीळ काळे, कढई काळी, रंगावरून काही समजायचं नाही. तडतडायला लागले की पुढचं नाकाने ठरवायचं. एक श्वास चुकला की पूड कडू. आणि चाखून बघावं, तर श्राद्धाच्या दिवशी नैवेद्य झाल्याशिवाय जिभेला काही लावायचं नाही, हा या घरचा नियम.

नाक तर मार्गशीर्षातल्या तापाबरोबर गेलं होतं. आठ महिने झाले, ना उदबत्ती कळत होती ना फोडणी. चारुलताने हे कोणालाच सांगितलं नव्हतं. रोजचा स्वयंपाक ती चाखून, घड्याळ बघून रेटत होती आणि सगळे मिटक्या मारत जेवत होते. झाकली मूठ सव्वा लाखाची. आज मात्र ती उघडी पडायची वेळ आली.

"आई, काही जळतंय का?" स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी तेजश्री उभी होती.

तेजश्री तिची सून. पुण्याची, माधापूरला कॉम्प्युटरच्या कंपनीत. लग्नाला सहा वर्षं झाली, पण श्राद्धाच्या दिवशी चारुलताने तिला कधी उंबरा ओलांडू दिला नव्हता. तू ऑफिसला जा, मी बघते, सोवळ्याचं तुला जमायचं नाही, असं दरवर्षी सांगायची. यंदा पोरीने आपण होऊन सुट्टी घेतली होती, तरी ती सकाळपासून बाहेरच.

चारुलताने डब्यात उरलेली मूठ दाखवली. तेजश्रीने लगेच फोन काढला, दहा मिनिटांत तीळ दारात येतील म्हणाली. येतील गं, पण ते धुवायचे, सोवळ्यात वाळवायचे, दोन दिवस जातात त्यात. इथे अर्ध्या तासात गुरुजी पानावर बसणार होते. आणि चारुलताचे दीर, भगवंतराव, अंबरपेठहून येऊन हॉलमध्ये बसले होते. पुढच्या महिन्यात त्यांचं हृदयाचं ऑपरेशन होतं. त्याचं काय व्हायचं ते होवो, पण आईच्या चवीचा पुलुसु एकदा पोटात जाऊ दे, असं त्यांनी फोनवर म्हटलं होतं. ते आठवलं आणि चारुलताने कढई पुसून पुन्हा गॅसवर ठेवली.

"तेजू, आत ये."

"मी सोवळ्यात नाही, आई."

"ये म्हणते ना. मला वास येत नाही. आठ महिने झाले."

तेजश्री ओढणी खोचून आत आली आणि कढईसमोर उभी राहिली. चारुलताने शेवटची मूठ टाकली. कधी उतरवायचं ते तू सांग म्हणाली. थोड्या वेळात तीळ तडतडू लागले.

"वास येतोय," तेजश्री म्हणाली. "पण कसा यायला हवा?"

आता काय सांगायचं? त्रिवेणीबाईंनी चारुलताला हे शब्दांनी कधी शिकवलंच नव्हतं. चुलीशी शेजारी उभं केलं होतं, बस्स. आणि आपण या पोरीला सहा वर्षं बाहेर उभं केलं. तिला स्वतःचाच संताप आला.

"कडू व्हायच्या आधीचा," ती म्हणाली.

"म्हणजे कसा, आई?"

तडतड वाढली. तेजश्री घाबरली, कच्चे तर कच्चे म्हणत तिने गॅसच्या बटणाकडे हात नेला. चारुलताने तिचं मनगट धरलं. कच्च्या तिळांवर आजचं पान निभावलं असतं, भगवंतरावांनीही गोड मानून घेतलं असतं. पण मग या पोरीला ते कधीच कळलं नसतं, आणि चारुलताच्या नाकाचा तर काही भरवसा उरला नव्हता.

"हात नक्को लावू. जळू दे."

"एवढेच आहेत, आई."

"ठाऊक आहे. तू नुसता वास घे. जळेपर्यंत घे. मग मला सांग, जळायच्या आधी काय आलं होतं."

तेजश्री कढईवर वाकली. चारुलता तिच्या तोंडाकडे बघत राहिली. एकदा पोरीच्या भुवया वर गेल्या, काही बोलणार तोच तिने नाक मुरडलं आणि खोकत मागे सरली. कढईतून धूर निघायला लागला होता.

"आला होता एक," डोळे पुसत ती म्हणाली. "गेला पण. एक श्वासभर होता."

चारुलताने गॅस बंद केला. तिळांचा कोळसा झाला होता. वाटीत आता काय वाढायचं, हे तिला सुचत नव्हतं.

जळायच्या आधीचा तो वास हॉलपर्यंत पोचायला तेवढा वेळ लागला असणार. भगवंतराव तिथून खुशीत म्हणाले, "वहिनी, आला हो वास. आईच्या हातचा."

चारुलताने पदराने डोळे टिपले.

"ऐकलंस?" ती तेजश्रीला म्हणाली. "तोच."